बक्कल नंबर ६१४: घरातल्या पोलिसाची नोकरी कशी शोधायची

घरात कोणी पोलीस होतं, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पुढचं विचारलं की ‘हवालदार होते बहुतेक’, ‘कराडला होते, नाहीतर पाटणला’, ‘साहेबांचा फार विश्वास होता’, इथे गाडी थांबते. माणूस अधिकारी असला तर सोपं जातं. ठाण्याच्या भिंतीवर प्रभारी अधिकाऱ्यांचा फलक असतो, त्यावर नाव आणि ‘पासून–पर्यंत’ रंगवलेलं असतं. शिपायाचं, हवालदाराचं नाव त्या फलकावर येत नाही. त्यांची नोकरी शोधायची रीत वेगळी, आणि हे लिहिते आहे ते मुख्यतः त्यांच्या नातवंडांसाठी.

मी जिल्हा परिषदेत कारकुनी केली, त्यातली बरीच वर्षं बारनिशीला, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर. कुठला अर्ज टेबलावर राहतो आणि कुठला ‘बघू’ म्हणून ट्रेच्या तळाशी जातो, हे मला खिडकीच्या आतल्या बाजूने माहीत आहे. आमचे आप्पा, म्हणजे वडिलांचे वडील, १९४३ साली सातारा जिल्हा पोलिसांत शिपाई म्हणून लागले आणि १९७९ ला हवालदार होऊन निवृत्त झाले. त्यांची छत्तीस वर्षांची नोकरी जुळवताना एक गोष्ट पक्की कळली: शिपायाचा कागद खात्यात थोडा आणि खात्याबाहेर जास्त असतो. म्हणून सुरुवात एसपी ऑफिसपासून करू नका. तिथे जायचंच आहे, पण हातात काहीतरी घेऊन.

नंबर, घटक, साल

खात्यात शिपायाची ओळख नावाने नव्हे, बक्कल नंबराने. जुन्या हजेरीत, ड्यूटी वाटपात, समन्सच्या पाठीवर ‘पो.शि. ६१४’ एवढंच लिहिलेलं असतं. सोबत आडनाव असलं तर नशीब. पण हा नंबर त्या त्या जिल्ह्यापुरता असतो. जिल्हा बदलला की नंबर बदलतो, आणि माणूस निवृत्त झाला की तोच नंबर पुढच्या भरतीतल्या एखाद्या पोराच्या पट्ट्यावर जातो. त्यामुळे नुसता नंबर कामाचा नाही. नंबर, घटक आणि साल, तिन्ही लागतात.

घटक म्हणजे माणूस कुणाच्या आस्थापनेवर होता ते: जिल्हा पोलीस, शहराचं आयुक्तालय, रेल्वे पोलीस की राज्य राखीव दल. एसआरपीतल्या माणसाचे कागद जिल्ह्याच्या कार्यालयात कितीही शोधले तरी मिळणार नाहीत. ते त्याच्या गटाच्या समादेशकांकडे. जिल्ह्यातही मुख्यालयातला सशस्त्र पोलीस वेगळा आणि ठाण्यातला वेगळा. ‘कैदी पार्टी’, ‘ट्रेझरी गार्ड’, ‘साहेबांच्या बंगल्यावर गार्ड’ असं घरात ऐकलं असेल, तर मुख्यालयातली वर्षं समजा. ‘बीट’, ‘वॉरंट बजावणी’, ‘रायटर’ ऐकलं असेल, तर ठाण्यातली.

आप्पांचा नंबर मला धाकट्या आत्याने सांगितला. परेडच्या आदल्या रात्री पट्ट्याचं बक्कल घासायचं काम लहानपणी तिच्याकडे असायचं. आधी चिंचेचा कोळ, मग चुलीतली राख, मग धोतराचं फडकं. सहाच्या पोटात आणि चाराच्या खाचेत काळं राहिलं की आप्पा एक शब्द न बोलता बक्कल परत तिच्यापुढे ठेवायचे. आज तिला सकाळी काय जेवली ते आठवत नाही, पण ‘सहाशे चौदा’ विचारायच्या आधी सांगते. काकांना आप्पांनी धरलेले दरोडेखोर नावानिशी पाठ होते. नंबर विचारल्यावर मात्र ते वर बघायला लागले. तेव्हा नंबर विचारायचा तो घरातल्या लेकींना आणि सुनांना.

ट्रंकेत काय बघायचं

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे निवृत्तिवेतनाचा आदेश, ज्याला सगळे पीपीओ म्हणतात. त्यावर शेवटचा हुद्दा, शेवटचं कार्यालय, निवृत्तीची तारीख आणि पेन्शनला धरलेली एकूण सेवा एका जागी असते. आजीला फॅमिली पेन्शन मिळत असेल तर बँकेत किंवा कोषागारात पीपीओ नंबर असतोच. हे आदेश महालेखापालांच्या कार्यालयातून निघतात. विदर्भ आणि मराठवाड्याचं काम नागपूरला, बाकीच्यांचं मुंबईला.

नंतरच्या पिढीतल्या पोलिसांकडे दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे मूळ पुस्तकाची कर्मचाऱ्याकडे ठेवायची प्रत, असू शकते. ते सापडलं तर निम्मं काम झालं. भविष्यनिर्वाह निधीच्या स्लिपा, बदलीचे आदेश, बक्षिसाची पत्रं हे सगळं वेगळं काढा. पोलिसांच्या पतसंस्थेचं पासबुक फेकू नका. त्या खातेवहीत नावापुढे नंबर आणि नेमणुकीचं ठिकाण लिहायची पद्धत असते, आणि पतसंस्था जुन्या खातेवह्या सरकारी कार्यालयांपेक्षा नीट सांभाळतात असा माझा अनुभव आहे. कर्ज दिलेलं असतं ना!

पदकं असतील तर भिंगाखाली कडा बघा. नाव, नंबर कोरलेला असू शकतो. २६ जानेवारी १९५० ला जे पोलीस नोकरीत होते त्यांच्यासाठी एक पदक काढलं होतं, आणि १९७२ ला स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षांचं काढलं ते पोलिसांनाही मिळालं. ही दोन्ही शौर्याची पदकं नव्हेत. त्या दिवशी नोकरीत हजर असल्याची ती खूण. पण त्यातून साल मिळतं, आणि आपल्याला तेच हवं आहे. राष्ट्रपती पदक किंवा पोलीस पदक असेल तर गोष्ट वेगळी. ती यादी २६ जानेवारीला किंवा १५ ऑगस्टला जाहीर होते, राजपत्रात छापली जाते, आणि त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रातही सापडते.

फोटोत आधी बाही बघा. दोन फिती म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. बढतीचं साल कळलं की फोटोचा काळ ठरतो, आणि फोटोचा काळ माहीत असेल तर उलट बढतीचा अंदाज येतो. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असेल तर गाव कळतं. मोबाइलने बक्कल मोठं करून बघा. आमच्या एका फोटोत पहिले दोन आकडे स्वच्छ दिसतात.

बदल्या शोधायच्या मुलांच्या दाखल्यांवरून

ही युक्ती मी सगळ्यांना सांगते, कारण तिला कुणाची परवानगी लागत नाही. पोलिसाची बदली झाली की बिऱ्हाड हलतं आणि मुलांची शाळा बदलते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, सोडल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण, असे रकाने असतात. त्या शेवटच्या रकान्यात ‘वडिलांची बदली’ असं लिहिलेलं सापडलं की समजा, खात्याचा आदेशच हातात आला.

सगळ्या भावंडांचे दाखले जमिनीवर सालवार मांडा. थोरल्या काकांचा जन्म वाईचा, आत्याची पहिली शाळा मेढ्याची, वडिलांची चौथी पाटणची, असं करत आमच्याकडे १९४६ पासून १९७० पर्यंतचा नकाशा खात्याला एक पत्र न लिहिता तयार झाला. दाखला हरवला असेल तर शाळेत जा. जिल्हा परिषदेच्या शाळेत जनरल रजिस्टर कायमचं जपायचं असतं, आणि मुख्याध्यापक त्याचा उतारा देतात. जाताना मुलाचं नाव आणि अंदाजे साल घेऊन जा. ‘आमच्या वडिलांचं काहीतरी असेल बघा’ म्हणून जाऊ नका. शंभर वर्षांच्या रजिस्टरात ‘काहीतरी’ शोधायला कुणालाही वेळ नसतो.

मधल्या मोकळ्या जागा मोठ्या घटनांनी भरायच्या. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, ‘पानशेत फुटलं तेव्हा’ सांगतात. पानशेत म्हणजे १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप म्हणजे ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला बंदोबस्त १९५५ ते १९६० मधला, बहात्तरचा दुष्काळ तर सगळ्यांच्याच तोंडी. मराठवाड्यात असाल तर निजामावरची पोलीस कारवाई, सप्टेंबर १९४८, आणि किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. ‘तेव्हा आपण कुठल्या गावात राहत होतो?’ एवढाच प्रश्न विचारा.

जिल्हा तोच, नाव वेगळं

जुना कागद वाचताना इथे लोक अडकतात. आप्पांच्या एका आदेशावर ‘डी.एस.पी., नॉर्थ सातारा’ असं आहे. १९४९ ते १९६० या काळात आजचा सातारा जिल्हा उत्तर सातारा होता आणि आजचा सांगली जिल्हा दक्षिण सातारा. डी.एस.पी. म्हणजे आजचे एसपी, जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक. आजच्या उपअधीक्षकांशी गल्लत करू नका. रायगड १९८१ पर्यंत कुलाबा होता. जळगाव त्याच्या बरंच आधी पूर्व खानदेश होतं, धुळे पश्चिम खानदेश. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १९८१ चे, लातूर आणि गडचिरोली १९८२ चे, पालघर तर २०१४ चा. म्हणजे १९७० साली सावंतवाडीच्या ठाण्यात असलेल्या माणसाची आस्थापना रत्नागिरीला. पुणे शहराला आयुक्तालय १९६५ ला मिळालं. त्याआधीचा शहरातला शिपाई जिल्हा पोलिसांतच शोधायचा.

त्याच्याही मागे गेलात तर राज्यंच वेगळी. कोल्हापूर संस्थान १९४९ च्या मार्चमध्ये मुंबई राज्यात विलीन झालं, सांगली-मिरजेसारखी दक्षिणेतली संस्थानं वर्षभर आधी. त्यांची स्वतःची पोलीस खाती होती. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या काळातले कागद उर्दूत असतात आणि त्यात फौजदाराऐवजी ‘अमीन’ भेटतो. ते वाचायला गावातल्या एखाद्या जुन्या उर्दू शिक्षकाची गाठ घ्या. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी आधी नागपूरच होती.

अर्ज

आता एसपी ऑफिस. पहिला अर्ज माहिती अधिकाराचा करू नका. हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या बाईच्या अनुभवाने सांगते. माहिती अधिकाराचा अर्ज आला की कारकून आधी हे पाहतो की काय नाकारता येतं. साधा अर्ज आणि समोर म्हाताऱ्याचा फोटो घेऊन उभी असलेली नात पाहिली की तो निदान कपाट उघडतो. अर्ज आस्थापना शाखेच्या नावाने, बारनिशीत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

माझा मजकूर असा होता:

‘विषय: कै. … (पो.शि., नंतर पो.हवा., ब.नं. ६१४) यांच्या सेवापुस्तकाची व सर्व्हिस शीटची प्रत मिळणेबाबत. वरील कर्मचारी माझे आजोबा. ते जून १९४३ मध्ये सातारा जिल्हा पोलीस दलात भरती झाले व १९७९ मध्ये … पोलीस ठाण्यातून सेवानिवृत्त झाले. पीपीओ क्र. … . वरील अभिलेखाची प्रत कुटुंबाच्या संग्रहासाठी हवी आहे. अभिलेख अन्य कार्यालयाकडे वर्ग केला असल्यास त्या पत्राचा जावक क्रमांक व दिनांक कळवावा. नष्ट केला असल्यास नष्टीकरणाच्या यादीतील संबंधित पानाची प्रत द्यावी. सोबत: मृत्यूचा दाखला, पीपीओची छायाप्रत, नात्याचा पुरावा.’

शेवटची दोन वाक्यं विसरू नका. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ हे उत्तर फुकटात देता येतं. ‘कुठे गेला ते सांगा, नाहीतर कधी जाळला ते दाखवा’ म्हटलं की कुणाला तरी अभिलेख कक्षात जाऊन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडावे लागतात. सरकारी कागदाचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण असतं. ‘अ’ कायमचा, ‘ड’ वर्षभरात निकाली. हजेरीपट, ड्यूटी वाटप यांसारखं रोजचं लेखन फार काळ ठेवत नाहीत, त्यामुळे १९५० सालची ड्यूटी शोधण्यात जीव घालवू नका. मात्र जे नष्ट केलं त्याची यादी करावी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा कायदा त्यासाठीच आहे, आणि पत्रात त्याचं नाव आलं की भाषा जरा मऊ होते.

पुरेशी वाट पाहूनही काही आलं नाही, तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात ‘जोडपत्र अ’ मध्ये अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे. नकार आला किंवा काहीच आलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत ‘जोडपत्र ब’ मध्ये पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोग.

नकार बहुधा ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून येतो. सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल दाखवतात, ज्यात कर्मचाऱ्याच्या सेवेचे तपशील वैयक्तिक धरले आहेत. त्यावर त्याच कायद्याचं कलम ८(३) वाचायला सांगा: वीस वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टीची माहिती काही ठरावीक अपवाद सोडले तर द्यायची असते, आणि वैयक्तिक माहितीचं कलम त्या अपवादांत नाही. १९४३ ची भरती वीस वर्षांपूर्वीची आहे हे अपिलात शांतपणे लिहायचं, उपहास करायचा नाही. आणि प्रतीऐवजी ‘अभिलेख पाहणी’ मागायचा पर्यायही ठेवा. पाहणीचा पहिला तास मोफत असतो, आणि कपाटासमोर उभं राहिल्यावर शेजारचा रुमाल दिसतो तो वेगळाच.

सेवापुस्तक हातात आलं तर पहिलं पान सावकाश वाचा. नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव, जन्मतारीख, उंची, शरीरावरची खूण, शिक्षण, खाली डाव्या हाताच्या बोटांचे ठसे. आप्पांच्या पानावर खूण म्हणून ‘डाव्या भुवईवर व्रण’ लिहिलंय. तो व्रण आम्ही कुणीच पाहिलेला नव्हता. म्हातारपणी भुवया इतक्या दाट झाल्या की झाकला गेला असणार. जन्मतारीख १ जून. त्या पिढीत निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मला, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका.

पुढच्या पानांवर नेमणूक, वेतन, रजा, आणि वर्षावर्षाला ‘सेवा पडताळली’ची सही. सर्व्हिस शीटमध्ये बक्षिसं एका बाजूला, शिक्षा दुसऱ्या बाजूला. जीएसटी असं दिसलं तर दचकू नका, ते चांगल्या कामाचं प्रशस्तिपत्र. शिक्षाही असतात. जादा कवायत, समज, वेतनवाढ रोखली. ‘रात्रगस्तीत गैरहजर आढळला’ ही आप्पांची १९५१ ची नोंद. तारीख दाखल्यांशी ताडून पाहिली तर माझ्या वडिलांच्या जन्माची रात्र. शीटमध्ये कारण लिहिलेलं नाही आणि आप्पांनी खुलासाही दिलेला दिसत नाही.

खात्याबाहेरचे कागद

पुराभिलेख संचालनालयाचं मुख्य दप्तर मुंबईत, फोर्टमधल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. शिवाय पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे. तिथे गृहखात्याचे जुने खंड आहेत, पण शिपायाचं नाव मिळेल या आशेने जाऊ नका. ठाणं कधी मंजूर झालं, दूरक्षेत्र (आउटपोस्ट) कुठे होतं, कुठल्या गावात जादा पोलीस बसवले होते, हे कळेल. फौजदार आणि वरच्या हुद्द्याच्या लोकांसाठी जुनी राजपत्रं चाळण्यात अर्थ आहे.

शिपायाचं नाव छापील सापडण्याची खरी शक्यता दोन ठिकाणी. एक, न्यायालयाचे निकाल, कारण पंचनाम्यापासून साक्षीपर्यंत पोलिसांची नावं येतात. दुसरं, तालुक्याच्या वाचनालयातली वर्तमानपत्रांची बांधलेली वर्षं. सण, यात्रा, निवडणूक, दरोडा यांच्या तारखा काढून मगच चाळा.

ठाण्याच्या आठवणी

कागदावर बदली मिळते, पण ठाणं कसं होतं ते मिळत नाही. त्यासाठी माणसं लागतात, आणि ती फार दिवस थांबणार नाहीत.

निवृत्त पोलीस एका जागी भेटतात ते नोव्हेंबरात, बँकेत, हयातीच्या दाखल्याच्या रांगेत. आमच्याकडे सकाळी दहाला बाहेरच्या बाकावर निम्मी रांग खात्याची असते. बसण्यावरून, बूट पुसलेले असण्यावरून ओळखू येते. ‘सहाशे चौदा नंबर, पाटण, सदुसष्टच्या सुमारास’ एवढं म्हटलं की कुणीतरी मान वळवतं. आप्पांबरोबर काम केलेले आता जवळपास उरले नाहीत, पण त्यांच्या हाताखाली नवीन भरती म्हणून आलेले पंचाहत्तरीचे आजोबा आहेत, आणि त्यांना शिकवणारा हवालदार विसरत नाही. प्रत्येक जिल्ह्यात निवृत्त पोलिसांची एखादी संघटनाही असते, तिथेही विचारा.

ठाण्याच्या हद्दीतल्या गावांचे जुने पोलीस पाटील, तालुका कोर्टाबाहेरचे स्टॅम्प व्हेंडर, ठाण्यासमोरचा चहावाला आणि त्याचा बाप, ही दुसरी फळी. तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची फळी म्हणजे पोलीस लाइनीत वाढलेली पोरं आणि तिथे संसार केलेल्या बायका. पुरुष ठाण्यात असायचे, पण लाइन बायकांनी चालवली. कुणाच्या घरी कधी साहेबांचं बोलावणं आलं, बंदोबस्ताला गेलेले किती दिवसांनी आले, पगार उशिरा झाला तेव्हा उधारी कुठे चालायची, हे त्याच सांगतात.

‘आठवणी सांगा’ म्हटलं तर कुणी सांगत नाही. छोटे, हाताला लागतील असे प्रश्न विचारायचे. कोठडी कुठल्या बाजूला होती? कचेरीचा टोल कोण द्यायचं? रात्रगस्तीला सायकल होती की पायी? बंदुका कुठे टांगायचे? बाजाराच्या दिवशी ठाण्यात कोण यायचं? मुद्देमालातली कोंबडी, बैल ठेवायचे कुठे आणि त्यांना चारा कोण घालायचं? शेवटच्या प्रश्नावर एका निवृत्त जमादारांनी मला सलग तासभर सांगितलं. शक्य असेल तर कागदावर ठाण्याचा नकाशा काढायला लावा. हातात पेन्सिल आली की माणूस खोलीत शिरतो. मोबाइलचं रेकॉर्डिंग विचारून सुरू करा, आणि सुरुवातीला तारीख, नाव, गाव मोठ्याने बोला.

भूकंपाचं आत्याने असंच नकाशावर बोट ठेवून सांगितलं. पहाटे चार वाजून गेले होते. लाइनीतली सगळी माणसं अंगणात नळापाशी गोळा झाली, बायका पोरांना गोधडीत गुंडाळून बसल्या. आप्पा घरात परत शिरले ते फक्त पट्टा आणि टोपी आणायला. मग ते कोयनानगरकडे निघून गेले आणि बऱ्याच दिवसांनी दाढी वाढलेल्या अवस्थेत परत आले. सेवापुस्तकात या सगळ्याचं एक अक्षर नाही.

प्रत्यक्ष ठाण्यात जायचं तर गणपती, निवडणूक, आठवडी बाजार टाळून दुपारी जा. सगळ्यात बरा काळ २ जानेवारीपासूनचा आठवडा. १९६१ साली त्या दिवशी पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज दिला, म्हणून तो स्थापना दिन. त्या आठवड्यात शाळेची पोरं ठाणं बघायला येतात, शस्त्रं मांडलेली असतात, अंमलदारही बोलायच्या मूडमध्ये असतात. प्रभारी अधिकाऱ्यांना भेटून, आपण कोण ते सांगून, फलकाचा आणि इमारतीचा फोटो काढायची परवानगी घ्या. पोलीस ठाणं हे कायद्याने ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलेलं आहे, पण त्यावरून ठाणे अंमलदाराशी वाद घालायला तुम्ही तिथे गेलेला नाही. फलकावरची अधिकाऱ्यांची नावं आणि सालं उतरवून घ्या. घरात ऐकलेल्या ‘त्या कडक साहेबांचा’ काळ त्यावरून पक्का होतो.

नको ते निघालं तर

सातारा जिल्ह्यात ४२ च्या चळवळीच्या वेळी खाकीत असणं ही घरात दबक्या आवाजात बोलायची गोष्ट. आमच्या भावकीत कित्येक वर्षं कुजबुज होती की आप्पा वडूजच्या गोळीबारात होते. वडूजचा गोळीबार ९ सप्टेंबर १९४२ चा. आप्पांची भरती जून १९४३ ची. एका तारखेने ती कुजबुज संपली. पण त्याच शीटवर १९४४ चं पाच रुपयांचं बक्षीस आहे, ‘विशेष बंदोबस्तातील चांगली कामगिरी’ म्हणून, आणि तेव्हा जिल्ह्यात प्रति सरकारच्या माणसांची धरपकड चालू होती. मी ते बक्षीसही टिपणात लिहिलं. काकांना आवडलं नाही.

मुंबईतल्या घरांत १९८२ बद्दल असंच मौन भेटेल. त्या वर्षी १८ ऑगस्टला शिपायांचं आंदोलन झालं, लष्कर बोलवावं लागलं, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. ‘आजोबांनी लवकर रिटायरमेंट घेतली’ आणि साल ब्याऐंशी असेल, तर आधी आजीला एकटीला विचारा, सगळ्यांसमोर नको.

आठवणींमध्ये आरोपींची, तक्रारदारांची नावं येतात. त्यांची नातवंडं त्याच तालुक्यात राहतात, एकाच एसटीने जातात. घरच्या वहीत नाव ठेवा, बाहेर वाचायला देताना काढून टाका.

सगळे कागद सालवार लावून स्कॅन करा, फाइलला साल आणि गावाचं नाव द्या. फोटोच्या मागे बॉलपेनने नव्हे, शिसपेन्सिलने लिहा, कोण कुठे उभं आहे ते. आणि मूळ पीपीओ, मूळ सेवापुस्तक ‘बघून उद्या देतो’ म्हणणाऱ्या कुणालाही देऊ नका, मग तो मामेभाऊ असो की साहेब. झेरॉक्स द्या.